खुर्ची शिकायचं कॉलेज

मुलांनो, पुढं वाचण्याआधी एक काम करा. जिथं बसला असाल तिथंच आपल्या पायांकडे बघा. खुर्चीवर असाल तर तळपाय जमिनीला पूर्ण टेकलेत का? की टाचा अधांतरी आहेत? जमिनीवर मांडी घालून वाचत असाल तर या परीक्षेतून तुम्ही सुटलात!

आमच्या शाळेतली पहिलीची मुलं मात्र सुटत नाहीत. त्यांचा बाक सोळा इंच उंच आहे. सहा वर्षांच्या मुलाचा पाय गुडघ्यामागच्या खळगीपासून टाचेपर्यंत मोजला, तर तो भरतो अकरा इंचांच्या आसपास. म्हणजे पाय पाच इंच हवेत. बाकाची कड मांडीखाली रुतते, पायांना मुंग्या येतात, मग पोर चुळबुळ करायला लागतं. आणि आम्ही बाई काय करतो? ओरडतो, "नीट बस रे!" मीही कितीतरी वर्षं अशीच ओरडत आले.

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. चौथीतल्या एका मुलानं मधल्या सुट्टीत पहिलीच्या वर्गात जाऊन एका बाकाच्या पायांना खालच्या बाजूनं चक्क एक फळी ठोकली. त्याची धाकटी बहीण त्या बाकावर बसायची. मी गेले ती हातोडीचा आवाज ऐकूनच. शाळेच्या बाकाला खिळे! मी त्याला सगळ्यांसमोर रागावले आणि ती फळी तिथल्या तिथं काढायला लावली. तो काही बोलला नाही. पकडीनं त्यानं चारही खिळे उपटले, फरशीवर ठेवून एकेक ठोकून सरळ केला आणि खिशात टाकले. वडील सुतार, त्यामुळे खिळा वाया घालवायचा नाही हे त्याला घरातूनच आलेलं.

तोच मुलगा यंदा दहावी पास झाला. पेढे द्यायला आला आणि दारातच उभं राहून विचारतो, "बाई, खुर्ची बनवायला शिकवतात असं कॉलेज असतं का हो?"

मला पहिल्यांदा आठवले ते चार खिळे. त्याला म्हटलं, बस आधी. मग पुढचे काही दिवस मी जे जे शोधलं, वाचलं, विचारलं, ते आज तुम्हालाही सांगते.

तर, असं कॉलेज असतं. आपल्या देशातलं त्यातलं सगळ्यांत जुनं आणि नावाजलेलं अहमदाबादला आहे : राष्ट्रीय डिझाइन संस्था, म्हणजेच एन. आय. डी. तिचा जन्मच मजेदार आहे. १९५८ साली भारत सरकारनं चार्ल्स आणि रे एम्स या अमेरिकन नवरा-बायकोला बोलावलं. दोघांचंही खुर्च्या बनवण्यात जगभर नाव. ते देशभर हिंडले आणि त्यांनी एक अहवाल लिहिला. त्या अहवालात त्यांनी सगळ्यांत जास्त कौतुक कशाचं केलं असेल? ताजमहालाचं नाही, तर आपल्या लोट्याचं! पाणी किती मावतं, भरलेला असताना तोल कसा राहतो, कडेवर कसा बसतो, ओतताना धार कशी पडते, घासायला सोपा की अवघड, हाताला कसा लागतो... एका लोट्याच्या आकारामागं असे किती प्रश्न दडलेत, त्यांची त्यांनी यादीच केली. एकाच कुणा माणसानं तो घडवला नाही, पिढ्यान्‌पिढ्या माणसं त्याला सुधारत गेली. आता असा विचार शिकवणारी शाळा भारतात हवी, असं त्यांनी सुचवलं. त्यातून १९६१ साली ही संस्था उभी राहिली. २०१४ साली संसदेनं कायदा करून तिला राष्ट्रीय महत्त्वाची संस्था ठरवलं.

तिथं इतर विषयांबरोबर फर्निचर आणि अंतर्गत रचना हाही विषय चार वर्षं शिकता येतो. पहिलं वर्ष सगळ्यांना सारखंच. चित्र काढणं, रंग, आकार, माती, कागद, तार हाताळणं. मग आपापला विषय.

आता तुम्ही म्हणाल, खुर्चीत चार वर्षं शिकण्यासारखं काय आहे? चार पाय, एक पाट आणि एक पाठ! मलाही तसंच वाटायचं.

पहिली गोष्ट म्हणजे, तिथं अभ्यास लाकडापासून सुरू होत नाही, माणसापासून सुरू होतो. कोपनहेगनच्या कला अकादमीत १९२४ साली कोरे क्लिंट नावाच्या शिक्षकानं फर्निचरचं वेगळं शिक्षण सुरू केलं. तो विद्यार्थ्यांना माणसांची मापं घ्यायला लावायचा. गुडघा किती उंच, कोपर किती उंच, हात किती लांब पोचतो. एवढ्यावर थांबला नाही. कपाट करायचं तर आधी घडी घातलेला सदरा मोजा, ताटल्या मोजा, मग खण किती खोल ते ठरवा! साधीच गोष्ट, पण तोवर कपाटं आधी बनायची आणि कपडे त्यात कोंबले जायचे. (आमच्या घरातलं कपाट अजून तसंच आहे.)

परदेशातली मापं आपल्याला चालतीलच असं नाही. म्हणून एन. आय. डी.नं आपल्याकडच्या माणसांची मापं घेऊन त्यांचं एक पुस्तकच १९९७ साली काढलं. आपण मांडी घालून बसतो, उकिडवे बसतो, पाटावर बसून जेवतो. अशा बसण्याचा विचार कुणा परक्या पुस्तकात कसा सापडणार?

दुसरी गोष्ट म्हणजे लाकूड. पावसाळ्यात तुमच्या घरातलं दार अडकतं ना? कधी नीट बघितलंय, ते कुठं अडकतं? उंचीला फारसं नाही, रुंदीला. लाकूड म्हणजे बारीक बारीक नळ्यांची जुडी समजा. झाड जिवंत असताना याच नळ्यांतून मुळांचं पाणी वर जातं. झाड कापून फळी झाली, तरी हवेत ओल वाढली की त्या नळ्यांच्या भिंती ओल पितात आणि फुगतात, हवा कोरडी झाली की आकसतात. नळ्यांची लांबी जवळजवळ बदलत नाही, जाडी बदलते. म्हणून फळी लांबीला तेवढीच राहते आणि रुंदीला कमी-जास्त होते. दोन-अडीच फूट रुंदीचं टेबल असेल तर हा फरक काही मिलिमीटरांचा सहज होतो.

काही मिलिमीटर म्हणजे काहीच नाही, असं वाटतं ना? पण ती फळी चारही बाजूंनी खिळ्यांनी घट्ट जखडून टाकली, तर आकसताना तिला जागाच मिळत नाही आणि ती मधोमध तडकते. जुन्या वाड्यांची दारं बघा. चौकट जाड असते आणि तिच्या खाचेत पातळ फळ्या नुसत्या सरकवलेल्या असतात, चिकटवलेल्या नसतात. फळीनं हवं तर फुगावं, हवं तर आकसावं, दार आपलं तेवढंच्या तेवढं. ही युक्ती ज्यानं काढली त्याचं नाव कुणाला माहीत नाही.

मग कुठलं लाकूड कशाला, हाही अभ्यास. साग ओलीनं कमी हलतो, म्हणून दारं-खिडक्यांना आणि जहाजांना साग. बाभळीचं लाकूड कणखर, म्हणून बैलगाडीला आणि औतांना बाभूळ. सावंतवाडीच्या लाकडी फळांना आणि खेळण्यांना पांगारा, कारण तो हलका आणि मऊ, कोरायला सोपा. हे आपल्या गावच्या सुतारांना केव्हापासून ठाऊक आहे. कॉलेजात ते का, हेही शिकवतात.

तिसरी गोष्ट म्हणजे सांधे. तुम्ही वर्गात खुर्ची मागं रेलून दोन पायांवर झुलवता की नाही? खरं सांगा! तेव्हा तुमचं सगळं वजन एका ठिकाणी येतं : मागचा पाय आणि बसायची चौकट जिथं जुळतात तिथं. खुर्ची मोडते ती बहुतेक वेळा तिथंच. म्हणून तिथला सांधा कसा करायचा याला फार महत्त्व. एका लाकडात चौकोनी भोक आणि दुसऱ्याला त्यात चपखल बसेल अशी जीभ. खणाच्या कोपऱ्याला कबुतराच्या पसरलेल्या शेपटीसारखे दात, म्हणजे कितीही ओढलं तरी सुटत नाही. विद्यार्थी आधी कागदावर काढतात, मग पुठ्ठ्याची छोटी प्रतिकृती करतात, मग खऱ्या मापाची कच्ची खुर्ची करून तिच्यावर जाड, बारीक, म्हाताऱ्या, लहान अशा माणसांना बसवून बघतात. शेवटी कार्यशाळेत करवत, रंधा आणि पटाशी हातात घ्यायची. आता संगणकावर चित्र काढून यंत्राकडून लाकूड कापून घेता येतं, तेही शिकवतात. पण पटाशीला धार लावता आली नाही, तर यंत्रानं कापलेलं बरोबर की चूक हे तरी कसं कळणार?

हे सगळं मी त्या मुलाला सांगितलं. तो नुसता फुलला. पण दुसऱ्या दिवशी त्याच्या वडिलांकडे गेले, तेव्हा माझी खरी परीक्षा झाली.

ते अंगणात चौकट करत बसले होते. पायाशी ढलप्यांचा ढीग. मी बोलत होते आणि ते मान खाली घालून रंधा मारत होते. माझं संपल्यावर म्हणाले, "बाई, आमच्या घरात तीन पिढ्या रंधा मारला. चौथ्यानं कॉलेजात जायचं, लाखभर रुपये घालायचे, आणि पुन्हा रंधाच मारायचा? मग शिकून काय उपयोग?"

पालकहो, तुमच्यापैकी कितीजण हेच म्हणाले असते? मला त्यांचा राग आला नाही. ज्या हातांना कधी मान मिळाला नाही, ते हात पोराला मिळू नयेत असंच बापाला वाटणार.

मी त्यांना हान्स वेग्नरची गोष्ट सांगितली. डेन्मार्कमधल्या एका चांभाराचा हा मुलगा. चौदाव्या वर्षी एका सुताराच्या हाताखाली उमेदवारी करायला लागला. आधी हात तयार झाला, मग तो कोपनहेगनला कॉलेजात गेला. पुढं त्यानं आयुष्यात पाचशेच्या वर खुर्च्या रेखाटल्या. १९६० साली अमेरिकेचे अध्यक्षपदाचे उमेदवार केनेडी आणि निक्सन यांचा वादविवाद टेलिव्हिजनवर झाला, तेव्हा तिथं वेग्नरची खुर्ची होती. १९४९ साली त्यानं रेखाटलेली एक खुर्ची आजही बनते आणि विकली जाते.

मग जॉर्ज नाकाशिमाची गोष्ट सांगितली. ही मला स्वतःला फार आवडते, कारण ती उलटी आहे. नाकाशिमा अमेरिकेत जन्मलेला जपानी आईबापांचा मुलगा. मोठ्या विद्यापीठांतून वास्तुशास्त्र शिकला. कामासाठी जपानला गेला, तिथून आपल्या पुदुच्चेरीला आला. तिथं अरविंदाश्रमाच्या गोलकोंड या इमारतीचं काम त्यानं १९३७ ते १९३९ या काळात पाहिलं, तिच्यासाठी फर्निचरही केलं. श्रीअरविंदांनी त्याला 'सुंदरानंद' हे नाव दिलं. पुढं दुसरं महायुद्ध पेटलं आणि अमेरिकेनं आपल्याच देशातल्या जपानी वंशाच्या माणसांना छावण्यांत डांबलं. नाकाशिमालाही, बायको आणि तान्ह्या मुलीसकट. आणि तिथं, त्या तारांच्या कुंपणाआड, त्याला भेटला गेंतारो हिकोगावा नावाचा जपानी सुतार. पदवीधर वास्तुतज्ज्ञ त्या सुताराच्या हाताखाली शिकला. हत्यार कसं धरायचं, लाकूड कसं वाचायचं, घाई का करायची नाही. बाहेर पडल्यावर नाकाशिमानं आयुष्यभर लाकूडकाम केलं. फळीला नैसर्गिक भेग असली तर तो ती फेकून देत नसे. भेगेवर आडवी, फुलपाखराच्या आकाराची लाकडी पाचर बसवायचा. भेग तिथंच थांबायची आणि दिसायचीही सुंदर. १९६४ साली तो अहमदाबादला आला आणि एन. आय. डी.च्या कार्यशाळेत त्याच्या रेखाटनांवरून फर्निचर बनलं.

रंधा थांबला होता. पण वडिलांनी विचारलं ते भलतंच. "नाव त्यांचं राहिलं. लाकूड कुणी कापलं?"

मुलांनो, या प्रश्नाला माझ्याकडे सोपं उत्तर नव्हतं. चंडीगड शहर वसवताना तिथल्या कचेऱ्यांसाठी, कॉलेजांसाठी हजारो खुर्च्या-टेबलं बनली. सागाची, वेताची. त्यांच्यामागचा वास्तुतज्ज्ञ प्येर जानरे. पुढं त्या जुन्या झाल्या, गच्चीवर आणि आवारात मोडक्या सामानाचे ढीग लागले, भंगाराच्या भावानं विकल्याही गेल्या. मग परदेशांतल्या लिलावांत त्याच खुर्च्यांना लाखांनी रुपये मिळायला लागले. आज जानरेचं नाव जगभर घेतात. त्या खुर्च्या ज्यांनी प्रत्यक्ष घडवल्या त्या सुतारांची नावं कोण सांगेल? हे मी त्यांना तसंच सांगितलं, लपवलं नाही. मग म्हटलं, "म्हणूनच सुताराच्या घरातलं पोर तिथं जायला हवं. रेखाटणारा आणि कापणारा एकच झाला, तर नाव कुणाचं घ्यायचं हा प्रश्नच उरत नाही."

ते हसले. पण हो म्हणाले नाहीत.

आता थोडी व्यवहाराची माहिती, कारण तुमच्यापैकी कुणाच्या मनात हे आलं असेल तर ती लागेल. बारावी कुठल्याही शाखेतून झालेली चालते. शास्त्रच हवं असं नाही. एन. आय. डी.ची स्वतःची प्रवेशपरीक्षा आहे, दोन फेऱ्यांची. त्यात पाठांतर कामाला येत नाही. निरीक्षण, कल्पना, चित्र आणि दुसऱ्या फेरीत प्रत्यक्ष हातानं करून दाखवायचं काम. मुंबईला पवईच्या आय. आय. टी.मध्ये १९६९ साली सुरू झालेलं डिझाइन केंद्र आहे. तिथं फर्निचर हा वेगळा विषय नाही, पण वस्तूंची रचना शिकता येते आणि बारावीनंतर त्यासाठी 'यूसीड' ही परीक्षा २०१५पासून होते. या परीक्षांचे अर्ज बारावीच्या वर्षी दिवाळीच्या आगेमागे निघतात. त्या दिवसांत लक्ष ठेवा. जागा मोजक्या आणि फी लाखांत, हे आधीच सांगते. शिष्यवृत्त्या आहेत, त्यांची चौकशी अर्जाच्या वेळीच करावी. आणि एवढं लांब जायचं नसेल, तर आय. टी. आय.मध्ये सुतारकामाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम असतो. तो कमी प्रतीचा समजू नका. वेग्नरची सुरुवात तरी कुठं झाली होती?

फर्निचर शिकलेला प्रत्येकजण खुर्च्याच करत बसतो असंही नाही. एम. पी. रंजन यांचं लहानपण मद्रासला वडिलांच्या लाकडी खेळण्यांच्या कारखान्यात गेलं. १९६९ साली ते एन. आय. डी.त फर्निचर शिकायला आले, पुढं तिथंच शिक्षक झाले आणि बांबूकडे वळले. ईशान्य भारतातल्या बांबूच्या आणि वेताच्या वस्तूंवर त्यांनी सहकाऱ्यांबरोबर केलेला जाडजूड ग्रंथ १९८६ साली निघाला. टोपल्या, सुपं, मासे धरायची साधनं, सगळं मापांसकट.

पंधरा दिवसांनी तो मुलगा पुन्हा आला. परीक्षेच्या सरावासाठी त्यानं खुर्चीची चित्रं काढायला सुरुवात केली होती. एका चित्रावर मागच्या पायापाशी मोठं काळं बोट उमटलेलं. "हे काय रे?" म्हटलं, तर म्हणाला, "दादांनी बोट ठेवलं. म्हणाले, इथं तुटणार. आणि मग त्यांनी सांधा काढून दाखवला." बाजूला खरंच सुतारी पेन्सिलीनं एक सांधा काढलेला होता, जाड रेघेचा.

मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन मी एका रविवारी बापलेकांना शाळेत बोलावलं. पहिलीच्या वर्गात चौदा बाक आहेत. आदल्या दिवशी सगळ्या मुलांचे पाय मी मोजून ठेवले होते. कुणाचे साडेदहा इंच, कुणाचे अकरा, एकदोघांचे बारा. सोळातून अकरा गेले की पाच. जमिनीपासून पाच इंचांवर पाय ठेवायची फळी बसवायची, असं ठरलं. सहा वर्षांपूर्वी त्या पोरानं फळी किती उंचीवर ठोकली होती, ते मी तेव्हा मोजलं नव्हतं. बाकाच्या पायावर जुन्या खिळ्यांची भोकं अजून होती. मुलानं गुण्या लावला आणि पट्टी धरली. पाच इंच.

वडिलांनी या वेळी खिळे वापरू दिले नाहीत. "स्क्रू मार," म्हणाले, "पोरं मोठी झाली की फळी खाली सरकवता आली पाहिजे."